शहरातील मालगुजारी

(भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. धानाचा हमीभाव, गोसीखुर्दच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन, विडी कामगारांची मजुरी, गाळाने भरलेले मामा तलाव, एवढे प्रश्न दाराशी उभे असताना महानगरातील घरखरेदीची चिंता कार्यकर्त्याने का वाहावी? या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी पुण्याला जाण्याची गरज नाही. पवनी, लाखांदूर, मोहाडी, साकोली, यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर घटकाभर बसले तरी ते मिळते.

शेत विकण्याची जुनी कारणे या जिल्ह्याला तोंडपाठ आहेत. मुलीचे लग्न, घरातले दुखणे, सावकाराचे देणे, लागोपाठ दोन वर्षे हातचे गेलेले पीक. या यादीत अलीकडे एका नव्या कारणाची भर पडली आहे. मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला आहे आणि त्याला हातभार लावायचा आहे. बाप दस्तावर सही करतो. शेजारी सासरहून बोलावून आणलेली मुलगी बसलेली असते. १९९४ साली राज्याने आणि २००५ साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित जमिनीत तिला भावाइतकाच वाटा दिला. तो वाटा भावाच्या घरासाठी ती हक्कसोडपत्रावर सही करून सोडून देते. तिला कोणी सक्ती करीत नाही, आणि कोणी विचारतही नाही. एक लुगडे घेऊन ती संध्याकाळच्या एस.टी.ने परत जाते.

या बापाला मूर्ख ठरविणे सोपे आहे, आणि मुलाला चैनीखोर म्हणणे त्याहूनही सोपे आहे. समाजवादी विचाराला यांपैकी काहीही शोभणारे नाही. त्याने प्रथम हिशेब मांडावा.

पुण्याच्या कडेला, अजून बांधून पूर्ण न झालेल्या इमारतीत सत्तर लाखांचा दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचा फ्लॅट आहे, असे धरू. तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम असा की, बँकेने घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. म्हणजे कर्ज फार तर ५६ लाख. उरलेले १४ लाख घरचे. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास त्यात एक टक्का सवलत. नोंदणी फी ३० हजार. अपुऱ्या इमारतीतील घरावर वस्तू व सेवा कर ५ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. हे कर आणि शुल्क बँकेच्या हिशेबात घराच्या किमतीत धरले जात नाहीत. ते रोखीने उभे करावे लागतात. एकूण २२ लाख ७० हजार. घराची किल्ली मिळण्याच्या कितीतरी आधी एवढी रक्कम घरातून निघावी लागते. नोकरीला लागून चार-पाच वर्षे झालेल्या मुलाजवळ ती नसते. ती असते बापाच्या बांधीत.

आता कर्जाचे पाहू. ५६ लाखांचे कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत वीस वर्षे. मासिक हप्ता येतो सुमारे ५० हजार ४०० रुपये. पहिल्या महिन्याच्या या हप्त्यातील ४२ हजार निव्वळ व्याजात जातात. मुद्दल फिटते अवघे आठ हजार चारशे. वीस वर्षांअखेर बँकेला दिलेली रक्कम होते सुमारे १ कोटी २१ लाख. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरविला. म्हणजे एका महिन्याचा हप्ता हा २१ क्विंटलांहून अधिक धानाचा पैसा झाला. एकरी पंधरा क्विंटल उतारा धरला, तर वर्षाचे हप्ते फेडण्यास सतरा एकरांतील सगळे धान लागेल. तेही बी, खत, रोवणीची मजुरी आणि ट्रॅक्टरचे भाडे एका पैशानेही वजा न करता. या जिल्ह्यात सतरा एकरांचे धनी किती आहेत, हे कार्यकर्त्यांना सांगावे लागणार नाही. गावातील श्रमाचे मोल आणि शहरातील निवाऱ्याची किंमत यांच्यातील अंतर या एका आकड्यात सामावले आहे.

मग या सत्तर लाखांत असते तरी काय? विटा, सिमेंट, लोखंड, रेती आणि मजुरी. सिमेंटचे पोते पुण्यात मिळते त्याच सुमाराच्या भावाला भंडाऱ्यातही मिळते. नागपूरच्या इमारतींत जी रेती जाते, तिच्यातील कितीतरी वैनगंगेच्या घाटांवरून ट्रक भरभरून जाते, आणि त्या ट्रकांमागची कायदेशीर-बेकायदेशीर भानगड या जिल्ह्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. बांधकामावर राबणारा मजूर बहुधा अशाच एखाद्या कोरडवाहू तालुक्यातून गेलेला असतो. तेच घर, तेवढ्याच विटांचे, लाखनीला बांधले तर त्याची किंमत पुण्याच्या किमतीच्या आसपासही पोचत नाही. फरक इमारतीचा नसतो. तो इमारतीखालच्या जमिनीचा असतो.

आणि ती जमीन महाग झाली कशामुळे? हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने वसविले. रस्ते, पाणी, वीज, पूल सार्वजनिक पैशातून झाले. मेट्रो नागपुरात २०१९ साली आणि पुण्यात २०२२ साली धावू लागली, तीही सार्वजनिक पैशातून आणि सार्वजनिक कर्जातून. रस्ता झाला की शेजारची जमीन चढते, मेट्रोचे स्थानक जाहीर झाले की पुन्हा चढते. जमीनधारकाने त्यासाठी कुदळही उचललेली नसते. जॉन स्टुअर्ट मिलसारख्या उदारमतवादी अर्थशास्त्रज्ञानेही या वाढीला अनर्जित वाढ मानले आणि ती समाजाने करारूपाने परत घ्यावी असे प्रतिपादन केले. महाराष्ट्रात घडते ते याच्या उलट. १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर या शहरांत मेट्रोसाठी एक टक्का अधिभार मुद्रांक शुल्कात मिळविला गेला. तो भरतो घर घेणारा. मेट्रोमुळे जमिनीची वाढलेली किंमत त्याने एकदा मालकाला दिली, आणि मेट्रोचा खर्च दुसऱ्यांदा सरकारला दिला. ज्याची जमीन चढली तो मात्र दोन्ही वेळा मोकळा राहिला.

भंडारा जिल्ह्याला ही व्यवस्था नवी वाटण्याचे कारण नाही. तिला येथे एक जुने नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी मध्यप्रांतात जमाबंदी केली, तेव्हा महसूल गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजारांना त्यांनी गावाचे मालक ठरविले. नांगर धरणारा निराळा, रोवणी करणारी निराळी. वसुलीचा हक्क मात्र मालगुजाराचा. काही मालगुजारांनी तलाव बांधले आणि राखले, हे नाकारण्याचे कारण नाही. कोहळी समाजाच्या हातांनी उभ्या राहिलेल्या तलावांवर या जिल्ह्याची धानशेती आजही बऱ्याच अंशी जगते. पण दुसऱ्याच्या श्रमाने वाढलेल्या पिकावर केवळ मालकीच्या कागदाच्या जोरावर हिस्सा सांगणे हा त्या व्यवस्थेचा पाया होता. १९५० च्या कायद्याने हा हक्क रद्द ठरविला, १९५१ साली मालगुजारी संपली, आणि तलावांच्या नावामागे ‘माजी’ हे विशेषण कायमचे लागले. १९५८ साली विदर्भासाठी कूळकायदा झाला आणि कसणाऱ्याला मालक होण्याची वाट खुली झाली.

विशेष असे की, त्या मालगुजारीच्या काळातही गावात राहणाऱ्याच्या डोक्यावरील छपराचा प्रश्न बाजारावर सोडलेला नव्हता. १९१७ च्या मध्यप्रांत जमीन महसूल कायद्याने गावात राहणाऱ्या शेतकऱ्याला, शेतमजुराला आणि कारागिराला गावठाणात घरापुरती जागा बिनभाड्याने बाळगण्याचा हक्क मानला होता. परकीय सरकार आणि मालगुजार या दोघांच्या जोखडाखालील गावानेही जे मान्य केले होते, ते स्वतंत्र भारतातील शहराने मान्य केलेले नाही. पुण्याच्या कारखान्यात आणि कचेरीत माणसे हवीत. त्यांनी राहावे कोठे, हे मात्र ज्याचे त्याने पाहावे. ग्रामीण मालगुजारी कायद्याने गेली, आणि तिच्यापेक्षा कितीतरी श्रीमंत अशी शहरी मालगुजारी कोणत्याही कायद्याच्या आधारावाचून उभी राहिली. वीस वर्षे हप्ते भरणारा तरुण हा तिचे कूळ आहे. त्याला फक्त मालक म्हणवून घेण्याचा मान मिळाला आहे.

तो मानही पुष्कळदा अपुराच असतो. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याप्रमाणे बिल्डरने इमारतीखालील जमीन सदनिकाधारकांच्या संस्थेच्या नावे अभिहस्तांतरित करून द्यावयाची असते. कित्येक ठिकाणी हे वर्षानुवर्षे होत नाही. अखेर २००८ साली सरकारला कायदा दुरुस्त करून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली, ती यामुळेच. बापाने सातबारावर स्वतःचे नाव असलेले शेत विकले आणि मुलाने जे घेतले, त्याच्या जमिनीच्या कागदावर दुसऱ्याचेच नाव राहिले. अशा घरांना मालकीची घरे म्हणण्याचा प्रघात आहे.

येथे एक आक्षेप येतो. इतके महाग असेल तर घर विकत घ्यावेच कशाला, भाड्याने राहावे. हिशेबाने हे बरोबर आहे. सत्तर लाखांच्या घराचे भाडे हप्त्याच्या निम्म्याच्याही आत असते. तरीही माणसे हप्ता पत्करतात. याचे कारण हावरेपणात शोधणारे कार्यकर्ते भाड्याच्या घरात कधी राहिलेले नसावेत.

भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा. बारावा महिना मालकाच्या मर्जीचा. मुलाची शाळा, बायकोची नोकरी, आजारी आईचा दवाखाना, सगळे अकरा महिन्यांच्या दाव्याला बांधलेले. घर दाखविण्यापूर्वी मालक नाव विचारतो, आणि नावाने समाधान झाले नाही तर आडनाव विचारतो. नंतर स्वयंपाकात काय शिजते, हे विचारतो. भंडाऱ्याहून गेलेल्या बौद्ध तरुणाला या तीन प्रश्नांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुसलमान तरुणाला तर दुसऱ्या प्रश्नापर्यंत जाण्याचीही वेळ येत नाही. सहकारी संस्थांनीही या बाबतीत फारसे भूषणावह वर्तन केलेले नाही. आणि २००५ साली गुजरातमधील पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपल्या समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला. अशा शहरात स्वतःच्या नावाचे दार ही चैन उरत नाही. ज्या माणसाला जन्मभर कोणीतरी बाहेर उभे करीत आले, त्याला त्या दारामागे प्रथमच निर्धास्त बसता येते. त्यासाठी तो वीस वर्षे गहाण टाकण्यास तयार होत असेल, तर दोष त्याच्या हिशेबाचा नव्हे. सन्मानाने भाड्याने राहता येईल असे घर समाजाने ठेवले नाही, हा दोष आहे.

या जिल्ह्यात १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक झाली. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर उभे असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मात्र पराभव झाला. त्या पराभवाची खंत या जिल्ह्याने अनेकदा बोलून दाखविली आहे. बाबासाहेबांच्या विचाराकडे मात्र तितके लक्ष दिले गेले नाही. १९४७ साली संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ती जात-धर्माचा भेद न करता कसण्यासाठी द्यावी, अशी मागणी केली होती. जमिनीची खाजगी मालकी आणि माणसाची अप्रतिष्ठा यांचा संबंध त्यांनी ओळखला होता. तो संबंध आज शहरातील भाड्याच्या घराच्या उंबरठ्यावर उभा आहे.

शहरी जमिनीवर समाजाचा हक्क सांगण्याचा प्रयत्न या देशात झालाच नाही, असे नाही. १९७६ साली नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. मुंबईत कोणाही एकाकडे ५०० चौरस मीटरहून अधिक मोकळी जमीन असू नये, अतिरिक्त जमीन सरकारने घ्यावी आणि तीवर सामान्यांची घरे व्हावीत, हा त्याचा हेतू. त्याच कायद्यात विसाव्या कलमाने सूट देण्याची खिडकी ठेवली होती. ती खिडकी हळूहळू दरवाजा झाली आणि पुढे वेस झाली. दुर्बल घटकांसाठी घरे बांधू, असे सांगून सूट मिळवावयाची आणि घरे भलत्यांनाच विकावयाची, हा प्रकार इतका वाढला की, १९९० साली शांतिस्टार बिल्डर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला त्यावर देखरेख समित्या नेमण्याचा आदेश द्यावा लागला. राहण्याजोगा निवारा ही जगण्याच्या हक्कातील अपरिहार्य बाब आहे, असेही न्यायालयाने त्याच निकालात सांगितले. १९९९ साली केंद्राने हा कायदा मागे घेतला. नागरी पुनर्निर्माण योजनेचा केंद्राचा पैसा हवा असेल तर तुम्हीही तो मागे घ्या, अशी अट आली, आणि २००७ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने तो सोडला. जमीन मोकळी झाली की घरे स्वस्त होतील, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. ती स्वस्ताई कोणाला भेटली असल्यास त्याने पुढे येऊन सांगावे.

या कायद्याची फजिती झाली, हे मान्य केले पाहिजे. जमीन अडकून पडली, खटले चालले, आणि सूट देणाऱ्या टेबलाशी भ्रष्टाचार बोकाळला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडेकरूला संरक्षण दिले. पण गोठलेल्या भाड्यामुळे चाळींची दुरुस्ती थांबली आणि भाड्यासाठी नवी घरे बांधणेच बंद पडत गेले, हेही समाजवाद्यांनी डोळ्यांआड करू नये. चूक मान्य केल्याने तत्त्व पराभूत होत नाही. मामा तलावांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. पण तलाव सरकारजमा झाले, पाळीची काळजी घेणारी गावाची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही, आणि कित्येक तलाव गाळाने भरले. मालकाचे नाव खोडून सरकारचे नाव लिहिणे हे अर्धेच काम आहे. उरलेले अर्धे लोकांच्या संघटनेचे आहे.

ते अर्धे काम झाले की काय होते, याचे उदाहरण गोरेगावला आहे. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद उभारली. अतिरिक्त ठरलेली जमीन कायद्यात नमूद केलेल्या कामासाठीच मिळावी, म्हणून त्यांनी सरकारशी आणि न्यायालयात वर्षानुवर्षे झुंज दिली. अखेर दिंडोशीच्या परिसरात सुमारे सहा हजार कुटुंबांची वसाहत उभी राहिली. ज्या कायद्याला सर्वांनी निरुपयोगी ठरविले होते, तोच कायदा संघटित लोकांच्या हाती पडल्यावर घरे देऊ शकला. याच मुंबईत गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले, हे शेजारी ठेवून पाहावे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या एकामागून एक थंड झाल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला द्यावयाचा होता. २००१ साली नियम बदलला: वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करावयाची. इमारतींनी व्यापलेल्या गिरण्यांत मोकळी जमीन ती कितीशी असणार? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. शहराचा वाटा एका शब्दाच्या फेरफाराने आटला.

परदेशातील एक दाखलाही विचारात घेण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना नगरीत समाजवादी लोकशाहीवादी पक्षाची सत्ता आली. नगरपालिकेने १९२३ साली घरांवर चढत्या दराचा कर बसविला. आलिशान घरांवर भारी, कामगारांच्या घरांवर नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली. १९३० साली पूर्ण झालेल्या कार्ल मार्क्स होफवर फॅसिस्टांनी चार वर्षांनी तोफा डागल्या. इमारत टिकली, आणि धोरणही टिकले. आज त्या शहरातील सुमारे निम्मी वस्ती नगरपालिकेच्या किंवा अनुदानित सहकारी संस्थांच्या भाड्याच्या घरांत राहते. तेथे भाडेकरू असणे हा कमीपणा नाही, आणि भाडेकरूला अकराव्या महिन्याची धास्तीही नाही.

महाराष्ट्रात हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी गोसीखुर्दकडे पाहावे. १९८८ साली या धरणाची पायाभरणी झाली. वैनगंगेकाठच्या गावांची जमीन सार्वजनिक हितासाठी हवी होती, तेव्हा सरकारने ती १८९४ च्या कायद्याने घेतली. भाव सरकारने ठरविला. शेतकऱ्याच्या खाजगी मालकीचे पावित्र्य त्या वेळी कोणाला आठवले नाही. साकोली-लाखनी भागात मुंडीपारला कारखान्यासाठी जमीन घेतली गेली, २०१३ साली भूमिपूजन झाले, आणि पुढे दहा वर्षे लोटली तरी कारखाना उभा राहिला नाही. ज्या मुलांना येथे काम मिळावयाचे होते, ती पुण्याला गेली. सार्वजनिक हितासाठी धानाची बांधी घेता येते, मग सार्वजनिक हितासाठी महानगरातील पडीक ठेवलेली जमीन का घेता येत नाही? राज्यसत्तेला हात आहेत. ते गावात लांब होतात आणि शहरात आखडतात, एवढेच.

तेव्हा पक्षाने काय मागावे? पहिली मागणी अशी की, सरकारच्या, महामंडळांच्या आणि बंद पडलेल्या सार्वजनिक उद्योगांच्या शहरी जमिनीचा एक तुकडाही लिलावाने विकला जाऊ नये. ती जमीन सार्वजनिक मालकीतच राहावी आणि तीवर दीर्घ मुदतीच्या भाड्याची घरे व्हावीत. दुसरी मागणी अनर्जित वाढीवरील कराची. मेट्रोचा अधिभार पहिले घर घेणाऱ्याकडून काढून, ज्याची जमीन मेट्रोमुळे चढली त्याच्यावर बसवावा. रिकामे ठेवलेले फ्लॅट आणि पडीक ठेवलेले भूखंड यांवर दरसाल वाढता कर असावा. तिसरी मागणी भाडेकरूसाठी. कराराची मुदत किमान पाच वर्षांची असावी, भाडेवाढ नियमाने ठरावी, आणि जात, धर्म वा आहार यांवरून घर नाकारणे हा गुन्हा ठरावा. चौथी मागणी याच जिल्ह्याच्या हाताशी आहे. पुणे आणि नागपूर येथे जिल्ह्यातील नोकरदार मुलामुलींसाठी जिल्हा परिषदेने वसतिगृहे काढावीत. शिक्षणासाठी वसतिगृह असते, तर नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांसाठी का नसावे? या पाच वर्षांतच मुलगा घाबरून फ्लॅट घेतो आणि बाप शेत विकतो.

कायदे होईपर्यंत कार्यकर्त्याने स्वस्थ बसावयाचे नाही. तालुक्याच्या प्रत्येक कार्यालयात आठवड्यातून एक दिवस घरखरेदीची कागदपत्रे पाहण्यासाठी राखून ठेवावा. प्रकल्प स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदलेला आहे काय, हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नोंदलेल्या प्रकल्पात दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारापूर्वी घेणे २०१६ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हे गावोगाव सांगावे. नागपूर येथून साठ-पासष्ट किलोमीटरांवर आहे. तेथील अनधिकृत लेआउटांत प्लॉट घेऊन बसलेली आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित होण्याची वाट पाहणारी कुटुंबे या जिल्ह्यातही आहेत. अकृषिक परवानगी न पाहता प्लॉट घेऊ नये, एवढे सांगितले तरी कित्येकांची जन्माची कमाई वाचेल. आणि हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी मुलीला तिच्या वाट्याची किंमत किती होते, हे कोणीतरी सांगावे. सही करणे न करणे तिच्या इच्छेवर. पण किंमत कळल्यावर केलेली सही आणि न कळता केलेली सही यांत फरक आहे.

शेवटी पुन्हा दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरील त्या बाकाकडे यावे. तेथे बसलेला बाप कोणाचा शत्रू नाही. मुलाला कोणी दारातून हाकलू नये, एवढीच त्याची इच्छा आहे. त्याच्या आजाने मालगुजाराला हिस्सा दिला, त्याच्या बापाने मालगुजारी जाताना पाहिली, आणि तो स्वतः आपली बांधी विकून एका नव्या मालगुजाराचे घर भरीत आहे. तीन पिढ्यांचा हा प्रवास जेथून निघाला तेथेच परत येत असेल, तर १९५१ चे काम अर्धे राहिले आहे असे समजावे. ते गावात सुरू झाले होते. शहरात पुरे करावयाचे आहे. त्याची मागणी पुण्या-मुंबईतून उठेल तेव्हा उठेल. ज्या जिल्ह्याने मालगुजारी म्हणजे काय हे अनुभवले आणि ती जाताना पाहिली, त्या जिल्ह्यातून ती प्रथम उठावी, हे अधिक उचित होईल.